रिकाम्या जागेचा फोटो

एनजीसी ४९९३ हे काही नाव नव्हे, यादीतला नंबर. वासुकी तारकासमूहातली ही दीर्घिका विल्यम हर्शेलला १७८९ साली दिसली आणि त्यानंतर सव्वादोनशे वर्षं कुणी तिच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. पाहणार तरी काय? म्हाताऱ्या ताऱ्यांची वस्ती, नवे जन्म जवळजवळ बंद.

२८ एप्रिल २०१७ला हबल दुर्बिणीने तिचा एक फोटो काढला. मुद्दाम नव्हे हं! हबलच्या वेळापत्रकात मोठ्या कामांच्या मधे थोडा थोडा वेळ उरतो, तो वाया जाऊ नये म्हणून जवळच्या दीर्घिका टिपून ठेवायचा प्रयोग चालू होता. (कॅमेऱ्यातला रोल संपवायला आपण गॅलरीतल्या कुंड्यांचे फोटो काढायचो ना, त्यातलाच प्रकार.) फोटो संग्रहात जाऊन पडला.

चार महिनेही झाले नव्हते. १७ ऑगस्टला लायगो आणि व्हर्गो वेधशाळांना गुरुत्वीय लहरी जाणवल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. साधारण अकरा तासांनी चिलीतल्या स्वोप या एक मीटरच्या छोट्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या याच दीर्घिकेत एक ठिपका सापडला. आता पहिला प्रश्न: हा आधीपासून तिथे होता का? एप्रिलचा फोटो काढून पाहिला. त्या जागी काहीही नव्हतं. फावल्या वेळातलं ते काम असं उपयोगी पडलं!

मग हबलने ऑगस्टअखेरपर्यंत तो ठिपका विझताना पाहिला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात या तर्काला इथे भक्कम आधार मिळाला. पुढे दीर्घिका सूर्याआड गेली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा दिसू लागली. त्या स्फोटाच्या रेडिओ लहरी आपल्या खोडदच्या जीएमआरटीनेही टिपल्या. असो.

मला जास्त भावला तो नंतरचा शोध. उजेड ओसरल्यावर हबलने तीच जागा पुन्हा न्याहाळली. हे दोघे एखाद्या दाट तारकागुच्छाच्या गर्दीत भेटले असतील, तर गुच्छ दिसायला हवा. दिसला नाही. म्हणजे ही बहुधा जन्मापासूनचीच जोडी, आणि वस्तीचं वय पाहता अब्जावधी वर्षं एकमेकांभोवती फिरत, हळूहळू जवळ येत असलेली. इतका लांब संसार आणि शेवट काही क्षणांत.

सगळ्याच जोड्या घरी राहत नाहीत म्हणा. मार्च २०२३मध्ये असाच एक गॅमा किरणांचा स्फोट झाला. वेब दुर्बिणीने त्यानंतर उरलेल्या उजेडात टेल्युरियमची खूण ओळखली, पण ठिपक्याखाली दीर्घिका दिसेना. तिचं माहेर म्हणून सगळ्यात पटण्यासारखी जी दीर्घिका आहे, ती तिथून सुमारे १ लाख २० हजार प्रकाशवर्षं दूर आहे. जोडीतले तारे महास्फोटाने फुटून न्यूट्रॉन तारे झाले, तेव्हा बसलेल्या धक्क्याने दोघेही घराबाहेर फेकले गेले असावेत. फेकले गेले ते एकत्रच.