सागाचा गाभा

इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरचे छत्रपति संभाजीमहाराज यांच्या नांवें जें आज्ञापत्र निघालें, त्यांत रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचाहि विचार केला आहे. राज्यांतील अरण्यांत जे सागवानादि वृक्ष आहेत, ते हुजूरच्या परवानगीनें तोडावे व कमी पडेल तें परमुलुखांतून विकत आणावें, असा त्यांतील दंडक आहे. आंबा व फणस हींहि आरमाराच्या उपयोगाचीं झाडें. परंतु तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं असतात. म्हणून त्यांना हात लावूं नये; एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें, अशी ताकीद दिली आहे.

सागाला हा पहिला मान कां मिळावा, याचें उत्तर त्याच्या गाभ्यांत सांपडतें. कोणत्याहि झाडाचें सालीलगतचें पांढरट लांकूड मुळांकडून पानांकडे पाणी नेतें. त्यांतील कांहीं पेशी जिवंत असून त्यांत पिष्ट व साखर यांचा सांठा असतो. झाडाचें वय वाढतें तसतसें आंतील लांकूड या कामांतून मोकळें होतें. तेथील पेशी मरतात. पण मरण्यापूर्वीं त्या आपल्या सांठ्यापासून निराळींच रसायनें तयार करून ठेवतात. सालीलगतचें लांकूड हें बुरशीचें व किडीचें आयतें खाद्य होय. गाभ्यांत मात्र त्यांना न मानवणारे पदार्थ भरलेले असतात. सागाच्या गाभ्यांत टेक्टोक्विनोन, लॅपॅकॉल वगैरे क्विनोन वर्गांतील पदार्थ आढळतात. त्यांपैकीं कांहीं वाळवीला दूर ठेवतात, तर कांहीं बुरशीची वाढ रोखतात. जोडीला रबरासारखा एक पदार्थ असतो. त्यामुळें पाणी लांकडांत सहजासहजीं मुरत नाहीं. आंब्याच्या लांकडाला असें संरक्षण फारसें नाहीं, म्हणून तें ओल्या जागीं लवकर कुजतें.

हा गुण एकट्या सागाचा नव्हे. हिमालयांतील चीड ज्या कुळांतील, त्या पाइन वृक्षांच्या गाभ्यांत पिनोसिल्विन नांवाचें बुरशीनाशक द्रव्य असतें. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ होल्गर अर्टमन यांनीं तें १९३९ सालीं ओळखलें. नॉर्वेंतील उर्नेस येथील बाराव्या शतकांतील प्रार्थनामंदिर पाइनच्याच लांकडाचें असून आजहि उभें आहे. सागाची साक्ष समुद्रावर मिळते. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप जतन करून ठेवलें आहे.

तथापि गाभ्याच्या सामर्थ्यालाहि मर्यादा आहे. कोल्हापुरांत श्रीअंबाबाईच्या देवळांतील गरुडमंडप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उभा राहिला. २०२४ सालीं त्याचे सागवानी खांब खालच्या अंगानें कुजल्याचें आढळल्यावर तो उतरवून नव्यानें उभारण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. खांबाचा वरचा भाग हवेंत कोरडा राहतो; जमिनीलगत ओल धरून राहते. लांकडांतील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० टक्क्यांहून कमी असला, तर बुरशीला त्यांत घर करतां येत नाहीं. ओल कायम राहिली, म्हणजे वर्षानुवर्षांच्या झिजेनें गाभ्यांतील रसायनांचा प्रभाव कमी होत जातो, आणि मग सागहि कुजूं लागतो.

अशा वास्तूंची दुरुस्ती करतांना केवळ ‘साग’ एवढें नांव पाहून भागत नाहीं. लागवडीचा साग वीस-पंचवीस वर्षांत तोडला, तर त्यांत पांढरट भाग अधिक व गाभा थोडा असतो. त्या कोवळ्या गाभ्यांत रक्षक द्रव्यांचा सांठाहि बहुधा कमीच असतो. त्यामुळें नव्या खांबाचें आयुष्य तो जुन्या खांबाइतका जाड आहे कीं नाहीं यापेक्षां, तो किती वयाच्या झाडाचा आहे, त्यावरील पांढरें लांकूड पुरतें तासून टाकलें आहे काय, आणि त्याचा पाया कोरडा ठेवला आहे काय, या तीन गोष्टींवर ठरतें. अमात्यांना क्विनोनांचीं नांवें ठाऊक नव्हतीं. परंतु चांगलें झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाहीं, हें त्यांनीं राज्यकारभाराच्या नियमांतच लिहून ठेवलें होतें.