राजगड
महाराष्ट्रातील एक इतिहासप्रसिद्ध गिरिदुर्ग व मराठी राज्याची पहिली राजधानी. तो पुणे जिल्ह्यात, पुणे शहराच्या नैऋत्येस सह्याद्रीच्या एका उत्तुंग डोंगरावर वसला असून त्याच्या बालेकिल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. १,३७५ मी. आहे. गडाच्या उत्तरेस गुंजवणी व दक्षिणेस वेळवंडी या नद्यांची खोरी असून पश्चिमेकडील एक लांब डोंगरधार त्यास तोरणा किल्ल्याशी जोडते. गडावर वाहन जात नाही; पायथ्यापासून पायीच चढावे लागते. चढणीच्या वाटा हा त्याच्या संरक्षणयोजनेचाच एक भाग होता. त्यामुळे माथ्यावरील वास्तू भग्नावस्थेत असल्या, तरी मूळच्या दुर्गरचनेचा हेतू चढताना आजही स्पष्ट होतो.

मूळ डोंगरास मुरुंबदेव असे नाव होते. बहमनी, निजामशाही व आदिलशाही अशा सत्तांकडे तो क्रमाने होता. परंतु तेथे भक्कम बांधकाम झालेले नव्हते. तोरणा हस्तगत केल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी हा डोंगर निवडून त्यावर तटबंदी उभारली आणि त्यास राजगड हे नाव दिले. तोरण्यावर सापडलेले द्रव्य या कामी खर्ची पडले, अशी परंपरा आहे. तोरणा अधिक उंच असला, तरी त्याचा माथा राजधानीस अपुरा होता. राजगडाच्या डोंगरास मात्र मध्यवर्ती उंच कड्यापासून तीन दिशांना पसरलेल्या सोंडा लाभल्या आहेत. त्या तटबंदीने वेढून पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या सिद्ध करण्यात आल्या आणि मधल्या कड्यावर बालेकिल्ला बांधण्यात आला. परिणामतः एक माची शत्रूच्या हाती गेली, तरी गड पडत नसे.

गडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. पाली गावाकडून येणारी वाट हा मूळचा राजमार्ग होय. ती तुलनेने रुंद व पायऱ्यांची असून एकामागे एक अशा दोन दरवाजांतून व बुरुजांच्या माऱ्याखालून वर जाते. गुंजवणे गावाकडून पद्मावती माचीच्या चोरदरवाजास भिडणारी वाट उभ्या चढणीची व अरुंद आहे; तिच्या शेवटच्या टप्प्यात खडकाचा आधार घेत एकेकट्यानेच चढावे लागते. दक्षिणेकडील भुतोंडे गावाकडून येणारी वाट संजीवनी माचीच्या अळू दरवाजाशी पोहोचते. सरदार, वकील व सामानसुमान यांच्यासाठी प्रशस्त मार्ग आणि आणीबाणीच्या प्रसंगी थोड्या माणसांनी राखावयाच्या अडचणीच्या वाटा, असा भेद या योजनेत दिसून येतो.

पद्मावती माची ही वस्तीची माची होती. तेथे पद्मावती देवीचे मंदिर, रामेश्वर मंदिर, बांधीव तलाव आणि वाड्यांची व कचेऱ्यांची जोती आहेत. सुवेळा माचीवरील खडकास पडलेले आरपार भोक ‘नेढे’ या नावाने ओळखले जाते. संजीवनी माची सु. अडीच किमी. लांबीची असून ती टप्प्याटप्प्याने उतरत जाते. तिची दुहेरी, चिलखती तटबंदी ही मराठी दुर्गबांधणीतील विशेष महत्त्वाची रचना मानतात : बाहेरचा तट भेदून आत आलेला शत्रू दोन भिंतींमधील चिंचोळ्या जागेत अडकून आतील तटावरील माऱ्यात सापडत असे. बालेकिल्ल्याची चढण सर्वांत बिकट असून तिच्या माथ्याशी महादरवाजा आहे. अफझलखानाचे शिर या दरवाजाजवळ पुरले, अशी आख्यायिका आहे. आत चंद्रतळे, ब्रह्मर्षीचे मंदिर व राजवाड्याचे अवशेष आढळतात.

सु. पंचवीस वर्षे मराठी राज्याचा कारभार येथून चालला. राणी सईबाईंचे येथे सप्टेंबर १६५९ मध्ये निधन झाले. पद्मावती माचीवर त्यांची समाधी दाखविली जाते. सुरतेच्या पहिल्या स्वारीनंतर (१६६४) महाराज येथेच परतले. पुरंदरच्या तहानुसार (१६६५) तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, तेव्हा स्वतःकडे राखलेल्या बारा किल्ल्यांत राजगड होता. आग्र्यास महाराज येथून निघाले व सुटकेनंतर येथेच आले (१६६६). राजारामांचा जन्मही याच गडावरचा (२४ फेब्रुवारी १६७०). यानंतर लवकरच राजधानी रायगडास नेण्यात आली. वाढत्या राज्याच्या कारभारास राजगडाच्या अरुंद माच्या अपुऱ्या होत्या. रायगडाचा माथा विस्तृत, कडे तुटलेले आणि कोकण जवळ होते.

राजधानी गेली, तरी गडाचे लष्करी महत्त्व ओसरले नाही. औरंगजेबाने डिसेंबर १७०३ मध्ये त्यास वेढा घातला. डोंगराळ मुलखातून तोफा व सामान वर आणताना मोगल फौजेचे अतोनात हाल झाले. फेब्रुवारी १७०४ मध्ये बाहेरचा तट मोगलांच्या हाती पडल्यावर शिबंदीने बालेकिल्ल्यात माघार घेऊन आणखी काही दिवस गड लढविला. माच्या आणि बालेकिल्ला स्वतंत्रपणे लढते ठेवण्याच्या मूळ योजनेची ही कसोटीच होती. औरंगजेबाने गडाचे नाव ‘नबीशाहगड’ ठेवले. मात्र त्याच्या मृत्यूच्या सुमारास, १७०७ मध्ये, मराठ्यांनी तो परत मिळविला. पुढे तो भोरच्या पंतसचिवांकडे राहिला. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

विसाव्या शतकात गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या दुर्गप्रेमी लेखकांमुळे आणि गिर्यारोहण संस्थांमुळे राजगडाची पदयात्रा लोकप्रिय झाली. तोरण्याहून डोंगरधारेने संजीवनी माचीवर येण्याचा मार्ग गिर्यारोहकांच्या विशेष आवडीचा आहे. हा गड महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असून जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. या मान्यतेने जतनाची जबाबदारीही वाढली आहे. थोड्या माणसांनी अनेकांना रोखावे म्हणून ज्या वाटा मुद्दाम अरुंद व अवघड ठेवल्या, त्यांवर आता सुट्यांच्या दिवशी मोठी गर्दी होते; तिच्या सोयीसाठी वाटा रुंद व सुलभ केल्यास गडाच्या रचनेचा सर्वांत बोलका पुरावाच नष्ट होण्याचा धोका आहे. येथे जोती व तट यांच्याइतकीच चढणीची वाटही जपणे आवश्यक ठरते.