खरा चहा आणि बाकीचा चहा

आमच्या कोपऱ्यावर सुटा चहा विकणारं एक जुनं दुकान आहे. पत्र्याचे मोठे डबे ओळीने मांडलेले. मोठी पत्ती, बारीक, मिक्स आणि सगळ्यात शेवटी डस्ट. लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं गणित असं, की पान जितकं मोठं तितका चहा भारी आणि भुकटी झाली की तो टपरीवाल्यांचा. त्यामुळे जगातल्या महागड्या चहांपैकी एक म्हणजे निव्वळ भुकटीच असते हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. तो चहा म्हणजे जपानचा माचा.

गेल्या दिवाळीत भाची आली होती. ती इथे पुण्यात जपानी शिकली आणि आता ओसाकात नोकरी करते. येताना तिने उजी गावातून दोन छोटे डबे आणले. मी पण कमी नाही! ती येणार म्हणून आधीच एक पाकीट मागवून ठेवलं होतं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'सेरेमोनियल ग्रेड' असं छापलेलं. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, हे कुठल्या सेरेमनीचं गं?"

मला उत्तर देता येईना. मग तिने मला पाठमोरं बसवलं, तीन वाडग्यांत तीन चहा घुसळले आणि म्हणाली, "आता चव घे आणि ओळख." मी तिन्ही चाखले आणि मोठ्या आत्मविश्वासाने ओळखले. निकाल शेवटी सांगते. कारण नंतर वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की आम्ही स्वयंपाकघरात जो खेळ खेळलो तो सातशे वर्षांपूर्वी जपानात पैजा लावून खेळला जायचा, आणि चहाची प्रत ठरवण्याचा सगळा इतिहास त्या खेळाभोवती फिरतो.

सुरुवात मात्र जपानात नाही, चीनमध्ये होते. सुंग राजवटीत चहा वाफवून, दाबून त्याच्या वड्या करत. वडी कुटून, दळून, चाळून तिची भुकटी वाडग्यात घ्यायची, वरून गरम पाणी ओतायचं आणि फेस येईपर्यंत घुसळायचं. अकराव्या शतकाच्या मध्यावर त्साय शियांग या अधिकाऱ्याने चहावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फूच्येन प्रांतातल्या चहाच्या स्पर्धांची माहिती आहे. ज्याचा फेस आधी विरून वाडग्याच्या कडेला पाण्याची रेघ दिसेल तो हरला! पांढरा फेस उठून दिसावा म्हणून वाडगे काळे. आणि राजाकडे पाठवायच्या चहात लोक वासासाठी थोडा कापूर मिसळतात, अशी तक्रारही त्याने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे प्रतवारी जितकी जुनी, तितकीच भेसळही जुनी.

पुढे ११०७ च्या सुमारास खुद्द सम्राट हुइझुंगने चहावर ग्रंथ लिहिला. त्याची क्रमवारी स्पष्ट आहे. शुद्ध पांढरा चहा सर्वांत वरचा, मग निळसर पांढरा, मग राखाडी पांढरा, मग पिवळसर पांढरा. हिरव्याचं नावच नाही! आज आपल्याला कोणीही सांगतं की माचा जितका हिरवागार तितका उत्तम. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या थोर जाणकाराने तो हिरवा वाडगा कदाचित बाजूला सारला असता. (बिचाऱ्याला चहातलं सगळं कळत होतं, राज्य मात्र सांभाळता आलं नाही. ११२७ साली उत्तरेकडच्या जुरचेन लोकांनी त्याला पकडून नेलं आणि तो कैदेतच मेला.)

चीनमध्ये ही पद्धत पुढे मागे पडली. १३९१ साली मिंग सम्राटाने वड्यांच्या रूपातला नजराणा बंद करून सुट्या पानांचा चहा मागितला आणि भुकटी घुसळण्याची रीत तिथून हळूहळू गेली. पण त्याआधीच ती समुद्र ओलांडून गेली होती. एइसाई नावाचा जपानी भिक्षू ११९१ साली चीनहून परतला तो झेन पंथाची शिकवण आणि, परंपरेप्रमाणे, चहाचं बी घेऊन. त्याने चहाच्या औषधी गुणांवर पुस्तकही लिहिलं. १२१४ साली शोगुन सानेतोमोला रात्रीची दारू बाधली होती, तेव्हा एइसाईने त्याला चहा पाजला आणि सोबत ते पुस्तक दिलं.

एइसाईकडचं बी म्योए नावाच्या भिक्षूने क्योतोजवळच्या तोगानोच्या डोंगरात लावलं असं मानतात. तिथला चहा इतका नावाजला, की त्याला 'होन्चा' म्हणजे खरा चहा म्हणू लागले. आणि इतर ठिकाणचा सगळा 'हिचा', म्हणजे चहा नसलेला चहा! (आपल्या 'तिचा-हिचा'शी याचा संबंध नाही.) पहिली प्रतवारी ही अशी गावावरून झाली. आपल्याला हे नवीन नाही. एप्रिल-मे महिन्यात बाजारात उभं राहिलं की कळतं, देवगड-रत्नागिरीचा तो हापूस आणि बाकी सगळे 'हापूससारखे'. आणि पेटीवर देवगड छापलेला प्रत्येक आंबा देवगडचा नसतो हेही आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हाच्या जपानी लोकांना पण ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ओळखण्याचा खेळ काढला. त्याचं नाव तोचा. आधी नुसतं होन्चा की हिचा एवढं ओळखायचं. मग नियम वाढत गेले. तीन चहा आधी चाखायला द्यायचे. चौथा 'पाहुणा' चहा कोणीच चाखलेला नसायचा. मग त्या तिघांचे तीन-तीन आणि पाहुण्याचा एक, असे दहा वाडगे उलटसुलट क्रमाने यायचे आणि प्रत्येक वाडग्यात कोणता चहा आहे ते सांगायचं. जिंकणाऱ्याला रेशीम, चिनी वस्तू अशी बक्षिसं. ससाकी दोयोसारख्या सरदारांच्या बैठका उधळपट्टीसाठी गाजल्या. शेवटी १३३६ साली नव्या शोगुनशाहीने आपल्या नियमावलीत चहाच्या बैठकांच्या नावाखाली चालणारा हा जुगार निषिद्ध ठरवला. बंदी आली म्हणून खेळ थांबला नाही, हे सांगायला नकोच.

मला या जुगारातली एक गोष्ट आवडली. इथे गावाचं नाव कामाला येत नाही. चहा न सांगता समोर येतो आणि चुकलात तर सगळ्यांसमोर चुकता, वर गाठचं घालवता.

दरम्यान तोगानोचं महत्त्व उजीकडे गेलं. उजीत एक आख्यायिका सांगतात. लोकांना चहाची रोपं किती अंतरावर लावायची ते कळेना, तेव्हा म्योएने शेतात घोडा घातला आणि सांगितलं, टापा उमटल्या आहेत तिथे लावा. त्या गोष्टीचं स्मारक तिथल्या मान्पुकुजी मंदिराच्या दारासमोर आहे. शोगुन योशिमित्सूने उजीच्या बागांना आश्रय दिला, आणि पंधराव्या शतकात उजीचा चहा पहिल्या क्रमांकाचा झाला. ज्याला एके काळी हिचा म्हटलं, तोच आता खरा!

उजीने चहात जो बदल केला तो मात्र नुसत्या नावाचा नव्हता. तिथे कोवळी पालवी फुटली की मळ्यावर मांडव घालून बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा पसरत. जुआंव रॉड्रिग्ज हा पोर्तुगीज जेझुइट १५७७ साली जपानात आला आणि तिथे तीसेक वर्षं राहिला. (या जेझुइटांचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं म्हणजे आपलं गोवा.) कोवळ्या पानांना हिमाचा त्रास होऊ नये म्हणून उजीचे शेतकरी बागा झाकतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. झाकलं थंडीपासून वाचवायला आणि फायदा झाला चवीला! चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं द्रव्य तयार होऊन पानात येतं. ऊन लागलं की त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनांत होतं. सावलीत ते तसंच टिकतं आणि तुरटपणाऐवजी एक गोडसर, भरलेली चव येते. शिवाय कमी उजेडात पान हरितद्रव्य वाढवतं, म्हणून गडद हिरवं होतं. हे थिअनिन जपानी संशोधकांनी वेगळं केलं ते १९४९ साली. शेतकऱ्यांच्या जिभेला ते कित्येक शतकं आधी कळलं होतं.

आजही पद्धत तीच. वीसेक दिवस झाकलेलं पान वाफवतात, न वळता सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो तो तेन्चा. तो दगडी जात्यावर दळला की माचा. जातं हळू फिरवावं लागतं, नाहीतर तापून वास जातो. तासाभरात तीस-चाळीस ग्रॅम पीठ पडलं तर पडलं. आपल्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, एवढ्यात माझं पायलीभर झालं असतं.

मग प्रत कशी ठरते? जपानात त्याचं उत्तर वापरावरून मिळतं. चहा दोन प्रकारे करतात. उसुचा म्हणजे पातळ, माणशी सुमारे दोन ग्रॅम, भरपूर घुसळून फेसाळ. आणि कोइचा म्हणजे दाट, माणशी जवळपास चार ग्रॅम आणि पाणी अगदी थोडं. तो घुसळत नाहीत, मळतात म्हटलं तरी चालेल, आणि सगळे पाहुणे एकाच वाडग्यातून पितात. इतक्या दाटपणात कडवट चहा घशाखाली उतरणारच नाही. म्हणून वरची पानं कोइचासाठी आणि त्याखालची उसुचासाठी. पूर्वी उजीहून चहा मातीच्या मोठ्या बरण्यांतून जायचा. कोइचाचं पान कागदी पुड्यांत बांधून बरणीच्या मध्ये ठेवायचे आणि भोवताली उसुचाचं सुटं पान ठासून भरायचे. म्हणजे एकाच बरणीत दोन प्रती, आणि खालच्या प्रतीचं काम वरचीला जपायचं! शोगुनसाठी अशा बरण्यांची मिरवणूक १६३३ पासून दरवर्षी एदोला जायची आणि वाटेत भलेभले सरदार तिला रस्ता देत. बरण्या मग उन्हाळाभर मुरत आणि नोव्हेंबरात सील फोडत. आज 'ताजा, पहिल्या तोडीचा' म्हणून जाहिरात होते. तेव्हा मुरलेल्याला मान होता.

याच परंपरेतली आणखी एक गोष्ट मला फार हृद्य वाटली. १५८७ साली हिदेयोशीने क्योतोच्या कितानो देवळाच्या आवारात प्रचंड चहासोहळा केला. सेन नो रिक्यू त्यातला एक प्रमुख. दवंडी अशी होती की शेतकरी असो, नोकर असो, एक किटली, एक वाडगा घेऊन कोणीही यावं. आणि ज्याच्याकडे चहा नसेल त्याने भाजलेल्या धान्याचं पीठ आणलं तरी चालेल. म्हणजे आपलं सातूचं पीठच की! जपानातल्या सर्वांत मोठ्या चहासोहळ्याला चहाच नसला तरी चालणार होतं. (दहा दिवसांचा हा सोहळा एका दिवसात आटोपला आणि चार वर्षांनी त्याच हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून घ्यायला लावलं. थोरामोठ्यांच्या लहरी!)

आता माझ्या पाकिटाकडे येते. 'सेरेमोनियल ग्रेड' अशी कुठलीही प्रत जपानी कायद्यात नाही. हे नाव परदेशी बाजारासाठी निघालं आणि ते कोणीही छापू शकतं. जपानातल्या जुन्या दुकानांत डब्यांना नावं असतात. रूढी अशी की कोइचाच्या नावात बहुधा 'मुकाशी' म्हणजे पूर्वी आणि उसुचाच्या नावात 'शिरो' म्हणजे पांढरा. काही नावं चहाघराण्यांच्या प्रमुखांनी दिलेली. नावामागे कोणीतरी उभं असतं. भाची सांगत होती, उजीतल्या दुकानदाराने तिला एकच प्रश्न विचारला, दाट पिणार, पातळ पिणार की दुधात घालणार?

जपानात तेन्चाचं उत्पादन २०१० ते २०२३ या काळात जवळपास तिप्पट झालं, तरी २०२४ च्या शरद ऋतूत मोठ्या दुकानांना माणशी डब्यांची मर्यादा घालावी लागली आणि २०२५ च्या हंगामात क्योतोच्या लिलावात भाव आधल्या वर्षाच्या दुपटीच्या वर गेले. एवढी मागणी असली की नावाला भाव येणारच.

तर आमच्या खेळाचा निकाल. मी ज्याला उजीचा सर्वोत्तम म्हणून ठरवलं, तो माझ्याच पाकिटातला होता! जिभेला कडक चहाची सवय, त्यामुळे जो चावला तोच मला अस्सल वाटला. आणि सगळ्यात महाग, कोइचाचा डबा? त्याला मी "जरा फिका आहे" म्हणून शेवटचा नंबर दिला होता. भाची इतकी हसली की विचारू नका. मग तिने तेच दोन चहा दाट करून दिले. उजीचा शेवटपर्यंत गोड राहिला, जिभेवर बराच वेळ रेंगाळला. माझा मी एक घोट घेऊन खाली ठेवला. दुसरा घेववेना.

लाज वाटली खरी, पण बरंही वाटलं. पाकिटावरची ती सोनेरी अक्षरं मी कशासाठी विकत घेतली होती ते कळलं. ती मला चाखण्यापासून आणि चुकण्यापासून वाचवत होती. तोचा खेळणारे दहा-दहा वेळा सगळ्यांसमोर चुकत होते, म्हणून त्यांना थोडंफार कळत होतं.

पाकीट टाकून दिलं नाही हं. दूध, साखर घालून त्याचा चहा छान होतो. त्याच्यात काही खोट नाही, वाईट वाटतं ते त्याला दिलेल्या नावाचं. उजीच्या डब्यात चमचाभर कोइचा अजून शिल्लक आहे. भाची परत येईल तेव्हा दाट करून दोघी एकाच वाडग्यातून पिऊ. तोवर मुरू दे.