न्यूफाउंडलंडचा कॉड : साठा, गणना आणि बंदी

कॅनडाचे मत्स्यव्यवसायमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी २ जुलै १९९२ रोजी न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर यांच्या पूर्वेकडील समुद्रात कॉड माशाच्या व्यापारी मासेमारीस बंदी घातली. बंदी दोन वर्षांपुरती असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ती उठण्यास बत्तीस वर्षे लागली. सुमारे तीस हजार माणसांचा चरितार्थ एकाएकी बुडाला. या विनाशाचे कारण बहुधा 'हाव' या एका शब्दात सांगण्यात येते. ते खोटे नाही. तथापि दरवर्षी शास्त्रीय गणना करून पकडीचे प्रमाण ठरविणाऱ्या शासनाच्या देखरेखीखालीच हे घडले, याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

कॉड हे न्यूफाउंडलंडच्या वसाहतीचे मूळ कारण होय. १९५० नंतर मासळी जहाजावरच गोठविणारे युरोपीय ट्रॉलर तेथे येऊ लागले आणि १९६८ साली पकड आठ लाख टनांवर गेली. दहा वर्षांत ती दीड लाख टनांच्याही खाली उतरली. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला अधिकार प्रस्थापित केला व परकी जहाजे बव्हंशी दूर झाली. दरवर्षी पकडण्याजोग्या माशांपैकी सुमारे पंचमांशच काढावयाचे, असे धोरण ठरले. धोरण संयमाचे होते. प्रश्न होता तो पंचमांश कशाचा, हा.

गणनेचे आधार दोन होते : संशोधननौकेची पाहणी आणि ट्रॉलरला दर तासामागे मिळणारी मासळी. यांपैकी दुसरा आकडा चढत राहिला, आणि त्यावरून मासे वाढत असल्याचे अनुमान निघाले. वस्तुतः यंत्रे सुधारत होती, खलाशी अनुभवी होत होते आणि उरलेला कॉड थोड्या जागेत दाटीने गोळा होत होता. जेथे दाटी तेथेच ट्रॉलर जाई. साहजिकच साठा घटत असताना त्याचे जाळे भरलेलेच राहिले. पुढे फेरगणना झाली तेव्हा प्रत्यक्ष पकडीचे प्रमाण ठरविल्याच्या दुपटीहून अधिक असल्याचे आढळले.

येथे एका शब्दाचा विचार अप्रस्तुत ठरू नये. इंग्रजीतील 'स्टॉक' म्हणजे मुळात झाडाचा बुंधा; त्यातून वंश आणि भांडवल असे दोन्ही अर्थ निघाले. मराठी 'साठा' या प्रतिशब्दात वंशाचा अर्थ उरतच नाही, केवळ कोठार उरते. परंतु ज्यांच्या भाषेत दोन्ही अर्थ नांदत होते, त्यांनीही कोठारच मोजले.

किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणाऱ्यांचा अनुभव उलट होता. उन्हाळ्यात किनाऱ्याकडे येणारा कॉड कमी झाला आहे व आकारानेही लहान मिळतो, असे ते सांगत. त्यांच्या संघटनेने १९८६ साली जीवशास्त्रज्ञांकडून स्वतंत्र परीक्षण करविले, आणि शासकीय अंदाज फुगलेले असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. शासकीय तज्ज्ञांनी मात्र किनाऱ्यावरील घट थंड पाण्यामुळे असावी, असे मानले. ट्रॉलरची नोंद तक्त्यात बसे म्हणून ती पुरावा ठरली; होडीवाल्याचे सांगणे तसे बसत नसे, म्हणून ते गाऱ्हाणे ठरले. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक चूक हीच.

१९८९ साली तज्ज्ञांनीच मर्यादा २,६६,००० टनांवरून १,२५,००० टनांवर आणावी असा सल्ला दिला. शासनाने २,३५,००० टन ठरविले. मासळीच्या कारखान्यांवर जगणारी गावे डोळ्यांपुढे असताना हा निर्णय घेतला गेला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु तीन वर्षांनी त्याच गावांचे कारखाने बंद पडले.

बंदीनंतरही कॉड लवकर सावरला नाही. त्याचे मुख्य खाद्य असलेला कॅपेलिन मासा १९९० नंतर अचानक घटला होता. मध्यंतरी किनाऱ्यालगत मर्यादित मासेमारीस परवानगी मिळाली, ती २००३ साली पुन्हा मागे घ्यावी लागली. पुढे वाढ झाली, पण ती संथ होती. २०२३ साली १९५४ पासूनची आकडेवारी जमेस धरून नवी गणनापद्धती स्वीकारण्यात आली. तीनुसार धोक्याची मर्यादारेषाच खाली आली, आणि साठा २०१६ पासूनच 'गंभीर' अवस्थेबाहेर असल्याचे ठरले. जून २०२४ मध्ये बंदी उठली. त्या हंगामासाठी ठरलेली मर्यादा १८,००० टनांची होती.