एका अणूवरचा ताण

रेणूंच्या सिम्युलेशनचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. धातूत तडा पसरत जातो आणि त्याच्या टोकाशी अणू लाल होतात. लाल म्हणजे ताण जास्त. पण एका अणूवर ताण म्हणजे नेमकं काय? या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

1821 मध्ये नाविए या फ्रेंच इंजिनिअरने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध ठेवला. घन पदार्थ म्हणजे एकमेकांना ओढणारे-ढकलणारे कण, असं धरून त्याने स्थितिस्थापकतेची समीकरणं मांडली. पुढच्याच वर्षी कोशीने कण बाजूला ठेवले. पदार्थ सलग आहे असं माना, कल्पनेने त्यात एक काप घ्या, कापापलीकडचा भाग अलीकडच्याला किती बलाने ओढतो ते पाहा आणि क्षेत्रफळाने भागा. आपल्या पुस्तकातला स्ट्रेस तो हाच. काप लहान लहान करत थेट बिंदूपर्यंत जाता येतं.

पुढे दोन्ही वाटा भांडल्या. कणांच्या हिशेबाने, सर्व दिशांनी सारख्या असलेल्या कुठल्याही पदार्थाची तार ओढली, तर ती ज्या प्रमाणात लांबते त्याच्या पाव प्रमाणात बारीक व्हायला हवी. पोलादासाठी हा आकडा 0.3 च्या आसपास येतो, रबरासाठी जवळपास 0.5 आणि बाटलीच्या बुचासाठी जवळपास शून्य. स्फटिकांचंही तेच. कणवाले जास्तीत जास्त 15 स्थिरांक मानत. पवनचक्कीवर धान्य दळणाऱ्या जॉर्ज ग्रीनने ऊर्जेवरून 21 काढले. 1880 च्या दशकात फोख्टने स्फटिक मोजले आणि कौल ग्रीनच्या बाजूने गेला. यात अणूंचा दोष नव्हता. प्रत्येक बल दोन कणांना जोडणाऱ्या रेषेतच असतं, अशी काही गृहीतकं फार भोळी होती. विसाव्या शतकात मॅक्स बॉर्नच्या कामातून ते स्पष्ट झालं.

मग कॉम्प्युटर आला. हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉनचे 864 अणू कॉम्प्युटरवर हलवून दाखवले. 1980 मध्ये त्यांनी आणि पारिनेल्लोने अणूंच्या पेटीला ताणाखाली स्वतःचा आकार बदलू दिला, आणि घन पदार्थांचा अभ्यास खुला झाला. कडकपणा मोजायला तर पदार्थ ओढायचीही गरज नव्हती. पेटीचा आकार पक्का ठेवला तरी उष्णतेमुळे तिच्यातला ताण थरथरतो. अणू आपापली सोयीची जागा शोधतात, त्यामुळे पदार्थ किती मऊ पडतो, ते या थरथरीतून कळतं. हे सूत्र स्क्वायर, होल्ट आणि हूव्हर यांनी 1969 मध्येच दिलं होतं.

अख्ख्या पेटीचा सरासरी ताण काढणं सोपं. क्लॉसियसने 1870 मध्ये दिलेल्या व्हिरियल प्रमेयावर ते काम भागतं. अडचण येते एका जागेचा ताण विचारला की. कोशीचा काप दोन अणूंच्या मधून गेला, तर तिथे फक्त रिकामी जागा आहे. मग त्यांच्यातलं बल कुठून वाहतं? 1950 मध्ये अर्व्हिंग आणि कर्कवूड यांनी दोघांना जोडणारी सरळ रेषा धरली. 1982 मध्ये स्कोफिल्ड आणि हेंडरसन यांनी दाखवलं, की वाकडी वाट धरली तरी संवेगाचा हिशेब तंतोतंत जुळतो. बदलतो तो त्या बिंदूवरचा आकडा. म्हणजे निसर्गाने एकच उत्तर राखून ठेवलेलं नाही. त्याच वर्षी हार्डीने बिंदूभोवती छोटी खिडकी धरून सरासरी घेण्याची रीत दिली. खिडकी किती मोठी, हे ठरवायचं आपणच.

मोठ्या पुलासाठी याने काही बिघडत नाही. सरासरीला अणू भरपूर असतात. पण 2004 मध्ये काचेसारख्या पॉलिमरच्या सिम्युलेशनमध्ये असे इवलेसे भाग सापडले, ज्यांचा कडकपणा चक्क ऋण होता. एकटे असते तर ते टिकलेच नसते. शेजाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं होतं. इतक्या लहान मापावर खिडकी बदला, की नकाशा बदलतो.

लॅम्प्स हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणूनच एक प्रामाणिक गोष्ट करतं. प्रत्येक अणूसाठी ते ताण देत नाही, ताण गुणिले आकारमान देतं. भागाकार तुमच्यावर सोडतं, कारण एका अणूचं आकारमान किती हे पक्कं सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी लाल अणू दिसले, की आधी विचारा: कशाने भागलंय, आणि खिडकी केवढी होती?