सुश्रुताचें अग्निकर्म आणि यकृताचें अर्बुद

शस्त्रानें काढतां न येणाऱ्या यकृताच्या कर्करोगावर सांप्रत सुईनें व बारीक नळीनें जे उपचार होतात, ते सुश्रुतास ठाऊक होते असें विधान अधूनमधून ऐकूं येतें. आधारादाखल सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायाचा निर्देश होतो. त्या विधानाची छाननी करण्याचें येथें योजिलें आहे. पाठासाठीं यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली निर्णयसागराची १९३८ ची डल्हणटीकेसहित आवृत्ति आम्हीं पुढें ठेविली आहे.

या अध्यायांत क्षारापेक्षां अग्नि श्रेष्ठ म्हटला आहे. कारणें दोन: दग्ध झालेला रोग पुन्हा उद्भवत नाहीं, आणि औषध, शस्त्र व क्षार यांना असाध्य असलेले रोग अग्नीनें साध्य होतात. हें वाचून वाचक चकित झाल्यास नवल नाहीं. कारण अलीकडील उपचारांचा क्रमही वरवर पाहतां असाच दिसतो. यकृत आधींच निबर होऊन क्षीण झालें असल्यास अथवा अर्बुदें अनेक असल्यास शस्त्र चालत नाहीं. अशा अर्बुदांत त्वचेवाटे सुईनें मद्यार्क सोडण्याचा उपचार जपानांत १९८३ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें १९९० मध्यें इटलींत रोस्सी व अमेरिकेंत मॅकगाहन यांनीं, सुईच्या टोकाशीं उच्च कंपनसंख्येचा विद्युत्प्रवाह सोडून यकृतांतील मांस भाजतां येतें, हें प्राण्यांवर स्वतंत्रपणें दाखविलें. लहान अर्बुदांत मद्यार्कापेक्षां या दाहानें रोग उलटण्याचें प्रमाण कमी राहतें, असें टोकियो येथील २००५ च्या तुलनेंत आढळलें.

परंतु साम्य म्हणजे वारसा नव्हे. सुश्रुताचा अग्नि त्वचा, मांस, शिरा, स्नायु, संधि व अस्थि यांवर चालतो. त्याचीं साधनें पिंपळी, शर, शलाका इत्यादि आहेत. त्याच अध्यायांत पुढें अंतःशोणित, भिन्नकोष्ठ, दुर्बल व वृद्ध यांस अग्निकर्म वर्ज्य सांगितलें आहे. आजची सुई ज्यांच्यासाठीं मुख्यतः योजितात, त्यांत वृद्ध व दुर्बलच पुष्कळ. शिवाय चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायांत यकृद्दाल्युदराचा विशेष उपचार म्हणून उजव्या बाहूंतील शिरावेध येतो. प्लीहेसाठीं दाह सांगितला आहे, पण तोही मनगटाजवळच्या शिरेवर. यकृतास स्वतः अग्नि लावावा असें तेथें नाहीं. यकृद्दाल्युदर म्हणजे कर्करोगच, असेंही म्हणतां येत नाहीं. अर्बुदाचें प्रकरण ग्रंथकारानें निराळें ठेविलें आहे.

शिरावेधाचा संबंध आजच्या नळीच्या उपचाराशीं जोडणें तर अधिकच अनुचित होय. त्याचें मूळ निराळ्या ज्ञानांत आहे. निरोगी यकृतास सुमारें तीन चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारिणी शिरेनें मिळतें. अर्बुदाचें पोषण मात्र मुख्यतः यकृताच्या धमनीवर चालतें, हें ब्रीडिस व यंग यांनीं १९५४ मध्यें मांडलें. म्हणून मांडीच्या धमनींतून नळी वर नेऊन, औषध सोडून ती विशिष्ट शाखा बुजविली, तर अर्बुद उपाशी राहतें व यकृत जगतें. फ्रान्स व जपान येथें १९७० नंतरच्या दशकांत ही रीति सुरू झाली. निवडक रोग्यांचें आयुष्य तिनें वाढतें हें बार्सेलोना व हाँगकाँग येथील २००२ च्या परीक्षांनीं दाखविलें. रोग समूळ जात नाहीं, आटोक्यांत राहतो. यास आमच्या वैद्यकांत नेमका शब्द आहे: याप्य. साध्य व असाध्य यांच्यामधील ही पायरी प्राचीनांनीं ओळखिली होती, एवढें श्रेय त्यांस निःशंक द्यावें.

पोथ्यांच्या संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, असें वचन हातीं आल्यास तें निषेधासह, अध्याय व संदर्भ देऊन, संपूर्ण छापावें. अर्धें वचन छापल्यानें प्राचीनांचा गौरव होत नाहीं. उलट त्या भरंवशावर एखादा रोगी उपचारावांचून घरीं बसतो. त्याचा काळ थोडा असतो.