ज्वालामुखी आणि तळी बघत तीन राज्यांतून गाडी: रत्नागिरीतून निघणारी ही वाट लाव्हावरूनच जाते

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसतं. निळंशार तळं, मागे बर्फाची टोपी घातलेला शंकूसारखा डोंगर, त्याच्या टोकातून निघणारा धूर आणि समोर रिकामा रस्ता. बहुतेक वेळा ती जागा चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरची असते. बारिलोचेहून निघायचं, तळ्यांच्या काठाने जात लानिन ज्वालामुखीच्या पायथ्याशी सीमा ओलांडायची आणि पुकोनला पोहोचायचं, असा तो प्रवास. पुकोनजवळचा व्हियारिका ज्वालामुखी ३ मार्च २०१५ ला पहाटे फुटला होता आणि आसपासच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली होती.

त्या रीलखाली कुणीतरी लिहितंच, "आपल्याकडे असं काही का नाही?"

तर आहे. फक्त आपला ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला, आणि तो डोंगराच्या टोकाला नाही, आख्खा डोंगरच त्याचा आहे. रत्नागिरीहून गाडी काढून चिपळूण, कोयना, कोल्हापूर, राधानगरी, बेळगाव, चोर्ला घाट, गोवा आणि सावंतवाडीमार्गे परत आलं की साधारण आठशे किलोमीटर होतात. चार दिवस हाताशी असले तर आरामात होतं. वाटेत तळी लागतात, गरम पाण्याचे झरे लागतात, तीनदा राज्याची हद्द बदलते, आणि एका ठिकाणी चक्क लाव्हाची हद्द संपते.

सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?

कुठेच नाही. सह्याद्रीतला एखादा निमुळता सुळका दाखवून "हा जुना ज्वालामुखी" असं सांगणाऱ्या पोस्ट फिरत असतात, त्यावर विश्वास ठेवू नका. इथे लाव्हा एखाद्या शंकूच्या टोकातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तो उकळत्या दुधासारखा उतू गेला. एक थर पसरला, थंड झाला, मग काही काळाने त्यावर दुसरा. हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालं, म्हणजे डायनासोर संपले त्याच काळाच्या आगेमागे. आज या खडकाने जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यातच येतो.

याला दख्खनचा सापळा म्हणजे डेक्कन ट्रॅप म्हणतात, पण 'ट्रॅप'चा अर्थ इथे सापळा नाही. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं. कुठल्याही घाटात गाडी बाजूला लावून समोरच्या डोंगराकडे बघा, पायऱ्या दिसतील. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक लोट.

रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात अजून एक गोष्ट दिसते. दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारखा लाल पट्टा असतो. एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा खडक कुजून माती झाली, आणि नंतरच्या लाव्हाने ती भाजून काढली. दगडात बारीक भोकं आणि त्यात पांढरे स्फटिक दिसले तर ते लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे आहेत. पुढे लाखो वर्षांत त्यात खनिजं साचली.

भारतात आज जागा असलेला एकच ज्वालामुखी आहे, अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.

मग संगमेश्वरचं पाणी गरम कसं?

रत्नागिरीहून चिपळूणकडे जाताना संगमेश्वर तालुक्यात राजवाडी, तुरळ आणि आरवली इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. दापोलीतलं उन्हवरे यांच्यापेक्षा जास्त कढत. खाली ज्वालामुखी धुमसतोय म्हणून पाणी तापतं, असं गावोगाव ऐकायला मिळतं.

खरं कारण साधं आहे. जमिनीत जितकं खोल जावं तितकं तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. कोकणच्या किनारपट्टीला समांतर खडकात खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीपासून राजापूरच्या उन्हाळेपर्यंत हे झरे एका रांगेत दिसतात त्याचं कारण या भेगाच. कुंडात उतरायचं असेल तर साबण, शाम्पू गाडीतच ठेवा. बहुतेक कुंडं देवळाला लागून आहेत.

कोयना: तळं जे जमीन हलवतं

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कोयनानगर. या प्रवासातलं सगळ्यात मोठं तळं हेच. धरणाची उंची १०३ मीटर, आणि मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयात भरल्यावर १०५ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही, पण समोरच्या नेहरू उद्यानातून ते नीट दिसतं.

या धरणाची गंमत अशी की कोयना नदी पूर्वेला वाहते, पण तिचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, रत्नागिरी जिल्ह्यात पोफळीकडे उतरवलं जातं. सह्याद्रीची उभी उतरण वापरून तिथे वीज तयार होते, एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. मग तेच पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणला जातं. १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता तळातून बोगदा जोडला, त्या 'लेक टॅपिंग'ची बातमी तेव्हा घराघरात टीव्हीवर पाहिली गेली. हे आशियात पहिल्यांदाच होत होतं.

पण कोयना म्हटलं की जुन्या लोकांना आठवते ती ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सव्वाचारनंतर आलेल्या भूकंपात कोयनानगर जमीनदोस्त झालं, जवळपास दोनशे माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी जमीन, असा समज तोपर्यंत होता. धरण भरायला लागल्यानंतर काही वर्षांतच हे घडल्यामुळे जगभरातल्या शास्त्रज्ञांचं लक्ष इकडे वळलं. पाण्याचं वजन आणि भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यामुळे आधीच ताणात असलेला खडक सरकतो, हे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. यातही ज्वालामुखीचा संबंध नाही.

नक्की आत काय चाललंय हे बघायला इथे खोल विंधनविवरं घेण्यात आली. पहिल्याच विवरात सुमारे ९३० मीटर लाव्हाचे थर लागले आणि त्याखाली कोट्यवधी वर्षं जुना ग्रॅनाइटी खडक. आपण ज्यावर गाडी चालवतो त्या थराची जाडी किती, याचा हा थेट पुरावा. लहान धक्के इथे आजही बसतात, गावकरी त्याकडे फारसं लक्षही देत नाहीत. धरणासाठी गाव सोडलेल्यांच्या पुढच्या पिढ्या मात्र पुनर्वसनासाठी अजून भांडतायत, याकडे लक्ष द्यायला हवं.

कोल्हापूर, राधानगरी

कराडमार्गे कोल्हापूर. रंकाळा हा मुळात दगडाची खाण होती आणि त्यात पाणी भरून तळं झालं, असं कोल्हापूरकर सांगतात. अंबाबाईचं देऊळ ज्या काळ्या दगडात उभं आहे तोही हाच, लाव्हाचा. शेजारच्या जोतिबाच्या डोंगराला वाडी रत्नागिरी म्हणतात, त्यामुळे मॅपवर नुसतं 'रत्नागिरी' टाकून निघालात तर गाडी भलतीकडे जाऊ शकते.

राधानगरीचं धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, बटण दाबायला कुणी लागत नाही. पावसाळ्यात "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" ही बातमी आली की पंचगंगेकाठची गावं सामान वर उचलायला लागतात. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास हे पश्चिम घाटाचे भाग २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दाजीपूरच्या जंगलरस्त्यावर संध्याकाळनंतर गवा आडवा येतो. हॉर्न न वाजवता थांबायचं, तो जातो.

हद्द

राधानगरीहून मुधाळ तिट्टामार्गे निपाणीला उतरलं की कर्नाटक. पाट्या कन्नडमध्ये, हॉटेलातलं बोलणं मात्र मराठीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा वाद आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एरवी इथे कुणी कुणाला अडवत नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वाद पेटल्यावर दोन्हीकडच्या एसटी बस थांबल्या होत्या. म्हणून एमएच पासिंगची गाडी घेऊन निघण्याआधी त्या दिवशीच्या बातम्या बघून घ्याव्यात. एवढी काळजी पुरते.

कागदपत्रांचं बोलायचं तर स्वतःची गाडी दुसऱ्या राज्यात फिरवायला वेगळा परवाना लागत नाही. नव्याने नोंदणीचा प्रश्न गाडी तिकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच येतो. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात.

खरी अडचण भाड्याच्या गाडीची. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. "मित्राची गाडी आहे म्हणून सांगा" असं म्हणत कुणी पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देत असेल तर घेऊ नका. पोलिसांचा दंड ही त्यातली छोटी गोष्ट आहे. अपघात झाला तर खासगी गाडी भाड्याने चालवली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याची भरपाई अंगावर येते. काळ्या प्लेटची गाडी असली तरी ती कोणकोणत्या राज्यांत न्यायला मुभा आहे, हे लेखी घ्यावं.

लाव्हा इथे संपतो

बेळगावच्या आसपास दख्खनच्या लाव्हाची दक्षिण कड येते. त्याखालून कितीतरी जुने खडक डोकं वर काढायला लागतात. गोकाकचा धबधबा, जो बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे, तो लाव्हावरून पडत नाही. तिथला खडक जुन्या वाळूचा बनलेला आहे. गोव्यातही ईशान्येचा थोडासा कोपरा सोडला तर लाव्हा नाही. चोर्ला घाट उतरताना डोंगराच्या पायऱ्या हळूहळू नाहीशा होतात, हे लक्ष देऊन बघितलं तर कळतं. नकाशावरची हद्द माणसांनी आखली, ही दुसरी हद्द तिच्या इतकी जवळ यावी हा योगायोग.

घाटाबद्दल थोडं. पावसाळ्यात हा प्रवास मोहक आणि धोक्याचाही. लाव्हाच्या कठीण थरांमध्ये कुजलेले मऊ थर असल्याने पाणी मुरलं की वरचा भाग घसरतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हाच पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगावावर दरडी कोसळल्या होत्या. रेड अलर्ट असेल तर निघूच नये. उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापून लागेनासे होतात. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात बरे.

आणि गोव्यातून परत येताना डिकीत बाटल्या भरू नका. महाराष्ट्रात ती दारू आणणं गुन्हा आहे, गाडीसुद्धा जप्त होते.

परतीची तळी

सावंतवाडीत गावाच्या मधोमध मोती तलाव आहे, काठावर चहा घेऊन पुढे निघावं. मालवण तालुक्यातल्या धामापूरला मात्र थांबायलाच हवं. १५३० मध्ये बांधलेलं हे तळं आजही शेतीला पाणी देतं, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचं देऊळ आणि भोवती दाट झाडी.

राजापूरला गंगातीर्थ. इथला झरा वर्षानुवर्षं गप्प असतो आणि मग अचानक चौदा कुंडं भरून वाहतो. "गंगा आली" म्हणतात ती हीच. जमिनीखालची पोकळी भरत जाते आणि काठोकाठ भरली की वक्रनळीसारखी एकदम रिकामी होते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

शेवटचा टप्पा सड्यावरून. लाव्हाचा खडक पावसाने लाखो वर्षं धुतला गेला आणि उरला तो लोहयुक्त जांभा. घरांचे चिरे त्याचे, हापूसची मुळं त्यातच. याच कातळावर बारसू, देवीहसोळ, कशेळी इथे हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती, मासे, माणसं कोरली. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते, कारण खडकातलं चुंबकत्व. मोबाईलमधलं होकायंत्र उघडून बघता येतं. गाडी मात्र डांबरी रस्त्यावरच लावावी आणि पुढे चालत जावं. गवताखाली अजून न सापडलेली शिल्पं असू शकतात, आणि टायरखाली ती दिसत नाहीत.